गावात काय कोठे मिळते

आमच्या हातून आजवर जे काही थोडेफार लेखन झाले आहे, त्यात सर्वांत अधिक वाचले गेलेले कोणते, असे कोणी विचारील तर आम्हास एका चारपानी पत्रकाचे नाव घ्यावे लागेल. त्यावर लेखक म्हणून आमचे नाव नाही, त्याला प्रस्तावना नाही, त्याचे परीक्षण कोठे आल्याचे आमच्या ऐकिवात नाही. शीर्षकही अगदी साधे, म्हणजे या लेखाच्या माथ्यावर दिले आहे तेच. या पत्रकाची पहिली आवृत्ती आम्ही लिहिली. दुसरी आमच्याकडून लिहवून घेतली गेली. पहिलीची हकीकत सांगताना आम्हास थोडा संकोच वाटतो. परंतु ती सांगितल्यावाचून दुसरीची हकीकत वाचकांस समजावयाची नाही.

जुन्नर हे आमचे गाव. आमचे म्हणजे उदरनिर्वाहाचे, जन्माचे नव्हे. पंचवीस हजारांच्या आसपास वस्तीचे हे गाव शिवनेरीच्या पायथ्याशी कुकडीच्या काठी वसलेले आहे. सकाळी खिडकी उघडावी तो समोर किल्ला. ज्या गडावर १६३० साली शिवछत्रपतींचा जन्म झाला त्या गडाकडे रोज पाहत दात घासण्याचे भाग्य आमच्या वाट्यास पंचवीस वर्षे आले आहे, आणि भाग्याची सवय झाली म्हणजे त्याचे जे होते तेच याचेही झाले आहे. गावात महाविद्यालय आहे. मुले येतात ती दोन दिशांनी. पूर्वेकडची येतात ती कालव्याच्या पाण्यावर कांदा, टोमॅटो, द्राक्षे पिकविणाऱ्या घरांतून. त्यांच्यापैकी पुष्कळांच्या बुडाखाली दुचाकी असते. पश्चिमेकडची येतात ती घाटघर, अंजनावळे, हातवीज अशा सह्याद्रीच्या माथ्यालगतच्या गावांतून, बहुतेक महादेव कोळी घरांतील. आणि ती एसटीने येतात. आमच्या वर्गाची घंटा शिपाई वाजवितो हे खरे, पण वर्ग खरोखर भरतो तो सकाळची गाडी स्थानकात लागली म्हणजे.

करोनाच्या दीर्घ मुक्कामानंतर २० ऑक्टोबर २०२१ रोजी राज्यातील महाविद्यालये पुन्हा उघडली. ज्या मुलांनी बारावीपर्यंतचे मागले दीड वर्ष मोबाइलच्या काचेत काढले होते, ती प्रथमच जिवंत वर्गात येऊन बसणार होती. तेव्हा नव्या मुलांना गावाची माहिती देणारे एखादे पत्रक असावे असे आमच्या वरिष्ठांच्या मनात आले आणि ते काम त्यांनी आमच्या गळ्यात घातले. लिहिणारा मनुष्य म्हणून एकदा का एखाद्याची ख्याती झाली, की मानपत्रापासून मृत्युलेखापर्यंत गावातील सर्व फुकट लेखन त्याच्याकडे चालत येते. त्याला इलाज नसतो.

आम्ही त्या चार पानांवर तीन आठवडे खर्च केले. शिवनेरी त्यात होता हे सांगावयास नकोच. लेण्याद्रीची लेणी, मानमोडीची, तुळजाची, सर्व होती. नाणेघाटातील सातवाहनांची राणी नागनिका आणि जकातीचा म्हणून दाखविला जाणारा तो दगडी रांजण होता. पेशवाईच्या दप्तरांत ज्याचे नाव येते त्या जुन्नरी कागदावर आम्ही एक परिच्छेद लिहिला होता, आणि तो लिहिताना, ज्या गावाने एके काळी राज्याला कागद पुरविला त्या गावात आज आम्ही परगावच्या कागदावर लिहीत आहो, असा एक सुस्कारही त्यात घातला होता. खोडदच्या रेडिओ दुर्बिणीच्या पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्या होत्या; माणिकडोहचे बिबट्यांचे निवाराकेंद्र होते; २०१८ साली राज्य शासनाने जुन्नर हा पर्यटन तालुका म्हणून जाहीर केला, तेही होते. पत्रक पुरे झाले तेव्हा आम्ही ते घरात मोठ्याने वाचून दाखविले. आमच्या मंडळींनी ऐकून घेतले आणि ‘छान आहे’ असे म्हणून त्या भाजी निवडावयास गेल्या. त्यांचे ‘छान आहे’ कोणत्या जातीचे आहे हे ओळखावयास आम्ही तेव्हाच शिकलो असतो तर बरे झाले असते.

दोनशे प्रती काढावयाच्या म्हणून आम्ही चौकातील झेरॉक्सच्या दुकानात गेलो. झेरॉक्सच्या दुकानदाराइतका सर्वव्यापी वाचक कोणत्याही गावात दुसरा नसतो, अशी आमची समजूत आहे. सातबारा, जातीचे दाखले, लग्नपत्रिका, वैद्यांची चिठ्ठी, न्यायालयाच्या नोटिसा, प्रश्नपत्रिका (परीक्षेनंतरच्या, असे आम्ही धरून चालतो), सर्व काही त्याच्या डोळ्यांखालून जाते. हे गृहस्थ चाळिशीचे असतील. यंत्र सुरू करून त्यांनी पहिली गरम प्रत हाती घेतली, उभ्याउभ्याच चारही पाने वाचली आणि म्हणाले,

“सर, लेणी सगळी आली. पण पोरानं राहायचं कुठं, जेवायचं कुठं, ते काही दिसलं नाही.”

“ते सर्वांना ठाऊकच असते,” आम्ही म्हणालो.

“कुणाला, सर? एसटी बंद आहे की. जी पोरं सकाळी येऊन संध्याकाळी घरी जात होती ती आता गावात राहिलीत. त्यांना कसं ठाऊक असणार?” आणि मग क्षणभर थांबून, अत्यंत आदराने, “तुम्हाला ठाऊक आहे का?”

त्यांचे म्हणणे खरे होते. एसटी कर्मचाऱ्यांचा संप ऑक्टोबर २०२१ च्या अखेरीस सुरू झाला होता, आणि तो पुढे एप्रिल २०२२ पर्यंत चालला. आमच्या हजेरीपटावरील पश्चिमेकडची नावे दिवाळीनंतर विरळ होत चालली आहेत हे आम्ही पाहिले होते. परंतु पाहणे निराळे आणि त्याचा अर्थ लावणे निराळे. आम्ही त्याला सरसकट करोनाने लागलेला आळस असे नाव देऊन मोकळे झालो होतो.

त्या दिवशी आम्ही रागावूनच घरी आलो. पण रागाच्या पोटात एक जुनी गोष्ट टोचू लागली. आम्ही इंग्रजी शिकवितो. आणि ऑक्सफर्डचा विषय निघाला म्हणजे तेथील १३५५ सालच्या दंगलीची हकीकत आम्ही दर वर्षी मोठ्या रंगाने सांगतो. फेब्रुवारीच्या १० तारखेला, संत स्कोलास्टिकेच्या दिवशी, दोन विद्यार्थ्यांनी एका गुत्त्यात दारू वाईट आहे अशी तक्रार केली, गुत्तेवाल्याशी बाचाबाची झाली, आणि बघता बघता गाव एका बाजूला व विद्यापीठ एका बाजूला अशी लढाई जुंपून त्रेसष्ट विद्यार्थी प्राणास मुकले. त्याचे प्रायश्चित्त म्हणून नगराध्यक्षाने दर वर्षी विद्यापीठापुढे डोई उघडी करून दंड भरावयाचा, असा प्रघात पडला आणि तो १८२५ पर्यंत चालला. गुत्त्याचे नाव स्विंडलस्टॉक. सहाशे सासष्ट वर्षांपूर्वीच्या, सात समुद्रांपलीकडील गुत्त्याचे नाव आम्हास मुखोद्गत आहे, आणि आमची मुले रोज जेथे जेवतात त्या खानावळीचा दरवाजा कोणत्या बोळात आहे हे आम्ही सांगू शकत नव्हतो. आमच्या गावात दंगल झाली नाही, याचे श्रेय आमच्याकडे जात नाही एवढे खास.

दुसऱ्या दिवशी आम्ही झेरॉक्सच्या दुकानी पुन्हा गेलो. ते काहीच बोलले नाहीत; मुलाला गल्ल्यावर बसविले, पायांत चपला सरकविल्या आणि म्हणाले, “चला.” अशा चार-पाच संध्याकाळी आम्ही त्यांच्याबरोबर हिंडलो. पंचवीस वर्षांच्या वास्तव्यात आम्ही त्या गावातून रोज गेलो होतो; गावात असे त्याच वेळी प्रथम शिरलो.

खोल्यांचे पाहा. भाड्याची खोली म्हटली की आम्हास चार भिंती आठवत. येथे मुले खाट भाड्याने घेतात. एका खोलीत पाच खाटा, आणि परगावी नोकरीला गेलेल्या मुलाची माडी म्हातारीने मुलांना दिलेली असेल तर भाड्यात पाणी तापविणे धरलेले असते. अभ्यासिका म्हणून ज्या पाट्या आम्ही पाहत होतो, तेथे खुर्ची महिन्याने मिळते. पोलीस भरतीची व स्पर्धा परीक्षांची मुले तेथे पहाटे पाचपासून बसतात, आणि खोलीत दिवा नसलेला आमचा एखादा विद्यार्थी रात्री दहानंतर एखाद्याच्या मोकळ्या खुर्चीवर फुकट बसविला जातो. मोबाइल दुरुस्त करणारा एक तरुण फुटलेली काच बदलण्याचे पैसे दोन हप्त्यांत घेतो. ‘सर, काच नसली तर लेक्चर कुठं दिसणार?’ असे त्याने आम्हासच विचारले. एक शिंपी जुने कपडे नव्या अंगाला बसवून देतो. पुस्तकांच्या दुकानाचे आम्ही फार सांगत नाही. तेथे पुस्तके मागे व गाइडे पुढे असतात, आणि मालकाने त्याचे कारण म्हणून आमच्याच प्रश्नपत्रिकांकडे बोट दाखविले. आम्ही तेथून लवकर निघालो.

सोनाराच्या पेढीवर आम्ही थोडे थांबलो. जूनमध्ये प्रवेशाच्या दिवसांत पश्चिमेकडच्या बाया येथे काय घेऊन येतात हे त्यांनी सांगितले. एक डोरले, कानांतील एक जोड. “सोडवायला येतात का?” आम्ही विचारले. “हिरडा झाला की येतात,” ते म्हणाले.

हा हिरडा काय आहे हे शहरातील वाचकांस सांगावयास हवे. चैत्र-वैशाखात घाटमाथ्यावरील हिरड्याच्या झाडांखाली घरातील लहानमोठी सर्व माणसे बाळहिरडा गोळा करतात, तो वाळवितात, आणि पोती भरून जुन्नर-मंचरच्या व्यापाऱ्यांना घालतात. औषधांसाठी त्याला मागणी असते. भात घरात खावयास असतो. रोकड म्हणून जी दिसते ती या हिरड्याची. मुलाचा प्रवेश, मुलीचे लग्न, घराचे पत्रे, सर्व त्यावर. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आले आणि जुन्नर-आंबेगावच्या डोंगरांत हिरड्याची झाडे मोडून पडली. मोडलेल्या झाडाला पुढल्या वर्षी फळ येत नाही. आम्ही त्या वादळाचे वृत्त वर्तमानपत्रात वाचले होते आणि किनाऱ्यावरील नारळी-पोफळींसाठी हळहळलोही होतो. त्याचा आमच्या वर्गातील रिकाम्या बाकांशी काही संबंध असेल असे मात्र आमच्या मनात आले नव्हते.

शेवटच्या संध्याकाळी खानावळ. बोळाच्या टोकाला, पाटी नाही, दारात चपलांचा ढीग हीच पाटी. चालविणाऱ्या बाईंना सर्व मुले मावशी म्हणतात, म्हणून आम्हीही म्हणालो. आम्हास त्यांनी आग्रहाने बसवून मासवडी व रस्सा वाढला. मासवडी या नावाने फसून शाकाहारी पाहुणे दचकतात. तिच्यात मासा नसतो, बेसनाच्या पारीत तीळ, खोबरे व मसाल्याचे सारण असते, आणि जुन्नर-आंबेगावकडे पाहुण्याची योग्यता त्याच्या ताटातील वड्यांवरून ठरते. आमच्या ताटात चार होत्या. जेवण झाल्यावर झेरॉक्सवाले म्हणाले, “मावशी, सरांना वही दाखवा.”

लाल कापडी बांधणीची लांबोडी वही. आमच्या हजेरीपटावर मुलांना क्रमांक असतात. या वहीत त्यांना गावे होती. हातवीजचा उंच. घाटघरच्या दोघी. चावंडचा, भाकरी जास्त. नावापुढे पैसे, आणि कोठे कोठे पैशांऐवजी तांदळाची पायली. कोणाचा बाप दिवाळीत पोते टाकून गेला होता आणि ते पोते महिनोन् महिने हळूहळू वजा होत होते. काही पाने अशी होती की ज्यांवर येणे लिहिलेले होते आणि जमा काहीच नव्हते. “हे?” आम्ही विचारले. “हे हिरड्याला,” मावशी म्हणाल्या. “आणि हिरडा आला नाही तर?” “तर पुढल्या हिरड्याला.”

एका पानावरची ओळ मध्येच तुटली होती. शेवटची नोंद आठवड्यापूर्वीची. मावशींनी वर्णन सांगितले तेव्हा आम्ही मुलगा ओळखला. पहिल्या वर्षाच्या वर्गात तो मागे, खिडकीजवळ बसे. दोन महिने एसटी नाही म्हणून गावात राहिला. संध्याकाळी खानावळीत भांडी घासून जेवणाचे अर्धे पैसे फेडी. आणि उरलेल्या अर्ध्यासाठी आठवड्यातून दोन-तीन दिवस पूर्वेकडील गावांत कांद्याच्या लागणीला मजुरीने जाई. ते दोन-तीन दिवस म्हणजे आमच्या तासांचे. डिसेंबरच्या मध्यावर एके दिवशी तो वर्गात दिसला असता आम्ही त्याला उभे केले आणि इतके दिवस कोठे होतास म्हणून विचारले. “काम होतं, सर,” तो म्हणाला. त्यावर आम्ही जे बोललो ते आम्हास शब्दशः आठवते. आम्ही म्हणालो, “कामच करावयाचे होते तर महाविद्यालयात नाव कशास घातलेस?” वर्ग हसला. वर्गाला हसविल्याचे समाधान आम्हासही झाले असले पाहिजे, कारण पुढला तास चांगला रंगला होता.

तो त्याच आठवड्यात वाडीवर निघून गेला होता.

“बुडवणारा नाही, सर,” मावशी घाईघाईने म्हणाल्या. आमचा चेहरा त्यांनी काही वेगळाच वाचला असावा. “पैशाचं सोडा. पण त्याचा डबा राहिलाय माझ्याकडं. घरून आणलेला, स्टीलचा. तुमच्या कॉलेजात त्याचा पत्ता असंल ना?”

पत्ता होता. प्रवेश-अर्जावर त्याच्याच अक्षरात लिहिलेला होता. आम्ही तो अर्ज ऑक्टोबरात सही करून पुढे पाठविला होता.

या सुमारास मुंबईहून आमच्याकडे पाहुणे आले आणि त्यांना घेऊन आम्हास लेण्याद्रीला जावे लागले. गिरिजात्मजाचे हे स्थान अष्टविनायकांपैकी एक. गावापासून पाचेक किलोमीटर. पायथ्याशी फुलांची, पेढ्यांची व खेळण्यांची दुकाने, मग तिकिटाची खिडकी, कारण देवस्थान असले तरी लेणी पुरातत्त्व खात्याच्या ताब्यात आहेत, आणि मग तीनशेंवर पायऱ्या. वाटेत डोलीवाले वृद्ध माणसांना खांद्यावरून नेत असतात आणि माकडे प्रसादाच्या पिशव्या उतरवून घेत असतात. पाहुणे दर्शनाच्या रांगेत लागले. आम्ही गुडघ्यांना विसावा म्हणून पाचव्या क्रमांकाच्या लेण्यापाशी बसलो. या लेण्यातला लेख आम्ही कित्येक वेळा मुलांना दाखविला आहे; पहिल्या पत्रकातही त्यावर दोन ओळी होत्या. इसवी सनाच्या पहिल्या ते तिसऱ्या शतकांतील ही लेणी. लिपी ब्राह्मी, भाषा प्राकृत. त्या काळच्या व्यापारी श्रेणींचा महत्त्वाचा पुरावा, असे आम्ही सांगत असू.

पण लेख म्हणतो काय? तो म्हणतो, धान्य विकणाऱ्यांच्या श्रेणीने दिलेले सात कोठड्यांचे लेणे आणि पाण्याची पोढी. म्हणजे जुन्नरच्या आडत्यांनी सात खोल्या दिल्या, आणि खोल्यांबरोबर पाणी दिले. शेजारचे सहावे लेणे म्हणजे चैत्यगृह. ते कल्याणच्या सुलसदत्ताचे दान. हा मनुष्य हेरणिक, म्हणजे सोनार म्हणा अथवा सराफ म्हणा, आणि हेरणिकाचाच मुलगा. बहुधा नाणेघाट चढूनच तो इकडे आला असेल. सातव्या लेण्यात आज गणपती आहे. तो गणपती येण्यापूर्वी ते मोठे दालन व त्याभोवतालच्या वीस कोठड्या हे शुद्ध वसतिगृह होते. जुन्नरच्याच लेण्यांत इरिल नावाच्या यवनाने पाण्याच्या दोन पोढ्या दिल्याचा लेख आहे, आणि चिट नावाच्या दुसऱ्या यवनाने संघाला भोजनमंडप दिल्याचा. बांबूकाम करणाऱ्यांच्या व कासारांच्या श्रेणींकडे ठेव ठेवून तिच्या उत्पन्नातून काय करावयाचे हे सांगणारा एक लेख आहे. खोली, पाणी, जेवणाची जागा, व्याजाची तजवीज. वर्षावासाचे महिने एके ठिकाणी राहून अध्ययन-चिंतन करावयास आलेल्या माणसांना या गावात काय कोठे मिळते, आणि ते कोणाकडून मिळते, याची ती डोंगरभर कोरलेली यादी होती. आम्ही ती पंचवीस वर्षे शिकविली होती. लिपी शिकविली, काळ शिकविला, विभक्तिप्रत्यय शिकविले.

पाहुण्यांनी प्रसाद हाती दिला तेव्हा, आमच्या हातातील नारळ माकडाने केव्हा नेला हे आमच्या ध्यानात आले.

जानेवारी २०२२ मध्ये करोनाच्या नव्या लाटेने महाविद्यालये पुन्हा काही आठवडे बंद झाली. त्या रिकाम्या दिवसांत दुसरी आवृत्ती तयार झाली. आम्ही लिहीत होतो आणि झेरॉक्सवाले, मावशी व अभ्यासिकेचा व्यवस्थापक खोडत होते. ‘भोजनव्यवस्था’ हा आमचा शब्द मावशींनी खोडला. ‘जेवण’ लिहा म्हणाल्या. ‘उधार मिळेल’ असे छापू नका, उधारी छापली की बुडते, असे सर्वांचे मत पडले. त्याऐवजी ‘अडचण असेल तर आधी येऊन बोलावे’ असे आम्ही लिहिले, आणि ज्या सहा ठिकाणी तसे बोलता येईल त्यांच्यापुढे एक लहानशी फुली केली. शिष्यवृत्तीचा अर्ज कोणत्या खिडकीवर, उत्पन्नाचा दाखला कोठे, त्याला कागद कोणते लागतात, मुलींनी रात्री उशीर झाल्यास कोणत्या दुकानात थांबावे, हे सर्व आले. एसटीच्या जुन्या वेळा, संप मिटेल तेव्हाच्या आशेने, शेवटच्या पानावर घातल्या. शिवनेरी व लेणी मिळून पाच ओळी उरल्या. जुन्नरी कागदाचा परिच्छेद गेला; त्याचे आम्हास अजूनही थोडे वाईट वाटते.

डबा पाठवावयाचा राहिलाच होता. एसटी बंद; वाडीच्या बाजूला जाणारी एक वडापची जीप ठरली. मावशींनी डबा उघडून आम्हास दाखविला. आत तिळाचे लाडू होते. “रिकामा कसा पाठवायचा?” त्या म्हणाल्या. आम्हीही काही पाठवावे असे आम्हास वाटले. पत्र लिहावयास बसलो, पण ‘चि.’ या अक्षरापुढे लेखणी जाईना. क्षमा मागावयाची तर ती ज्या वर्गासमोर अपमान केला त्याच वर्गासमोर मागावी. डब्यातून पाठविलेली क्षमा ही फार सोयीची गोष्ट झाली. अखेरीस आम्ही त्यात पत्रकाची एक प्रत घडी करून ठेवली आणि जीप गेली. उत्तर आले नाही. फेब्रुवारीत वर्ग भरले तेव्हा खिडकीजवळची जागा रिकामीच होती. तरी आम्ही त्या वर्गात डिसेंबरात काय बोललो होतो व ते का चुकीचे होते, हे उरलेल्या मुलांना सांगितले. कोणी हसले नाही. तो तास मुळीच रंगला नाही.

मेच्या अखेरीस एका दुपारी दारावर थाप पडली. तो उभा होता. उन्हाने रापलेला, हातांच्या बोटांना हिरड्याचा काळा रंग. झाडे निम्मी गेली होती, निम्म्यांना या वर्षी फळ धरले होते. सकाळी व्यापाऱ्याकडे दोन पोती घातली, मग मावशींकडे जाऊन आला होता. मावशींनी वहीतली ओळ त्याच्यासमोर आडवी रेघ मारून बंद केली, असे त्याने सांगितले. जेवूनही आला होता. आम्ही त्याला आत बोलाविले. तो उंबऱ्यातच थांबला.

“सर, परत नाव घालायचं झालं तर घालता येतं का?”

आम्ही म्हणालो, येते. आणि मग वर्गात जे बोललो होतो त्याबद्दल बोलावयास आरंभ केला. त्याने खाली पाहत ते ऐकून घेतले. “असू द्या, सर,” एवढेच म्हणाला. ते ‘असू द्या’ कसे घ्यावे हे आम्हास आजही नीटसे ठरविता आलेले नाही. मग काहीतरी उपयोगाचे बोलावे म्हणून आम्ही घाईने सांगू लागलो: अर्ज दुसऱ्या खिडकीवर मिळेल, ती जेवणाच्या वेळी बंद असते, उत्पन्नाचा दाखला आधी काढ, त्याला रहिवासी दाखला लागेल, फोटो चौकात—

“ते यात आहे, सर,” तो म्हणाला आणि त्याने खिशातून आमचेच पत्रक काढले. घड्यांवर फाटलेले, एका कोपऱ्याला तिळाच्या लाडवाचे तूप लागलेले. ते उलगडून त्याने शेवटच्या पानावर बोट ठेवले.

“फक्त इथं चुकलंय. संपानंतर आमच्याकडची शेवटची गाडी पाव तास आधी सुटते. नवीन पोरं चुकतील.”

आम्ही लेखणी आणावयास आत गेलो. तो उंबऱ्यात पत्रक धरून उभा होता. गाडीची वेळ त्यानेच लिहावी म्हणून आम्ही लेखणी त्याच्या हाती दिली.